खऱ्याच्या रुपयाला एक आणा

मी, दत्तोपंत गोविंद पांढरीपांडे, वय अडुसष्ट, पूर्वी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढीत असे, हल्ली पेन्शनीत, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी दिवसाउजेडी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती वयाला शोभेल अशी आहे. चष्मा लावला म्हणजे दिसते. हात थोडा कापतो, पण ओळ वाकडी जात नाही. मजवर कोणाची जबरदस्ती नाही व मी कोणत्याही नशेत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे.

हे शेवटचे वाक्य अशा कागदात सगळेच लिहितात आणि वाचणारा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. माझ्या कागदात तसे करून चालणार नाही. माझ्यामागे भांडण व्हायचे ते या एकाच वाक्यावर होणार आहे. ते खरे ठरावे म्हणून मला पुढे काही अशा गोष्टी लिहाव्या लागत आहेत, की ज्या मी एरवी भिंतीलाही सांगितल्या नसत्या. लिहिताना आताच कान तापले आहेत.

कलम पहिले. माझी माणसे.

माझी पत्नी कौशल्या पूर्वीच वारली. एकुलता मुलगा मुकुंद सन १९२९ साली विषमज्वराने गेला. त्याची पत्नी उत्तरा, माहेर भिवापूरचे, मूलबाळ नाही, तेव्हापासून माझ्याजवळ आहे. मी तिच्याजवळ आहे असे लिहिले तरी चालेल, कारण स्वयंपाक ती करते, औषध ती देते आणि पेन्शनच्या दिवशी माझा कोट ती झाडून ठेवते.

माझ्या कैलासवासी वडीलबंधूंचे चिरंजीव भैयाजी, कापसाच्या दलालीत, चार मुले, दोन खोल्यांत भाड्याने राहतात. मी कागद न करता मेलो तर कायद्याने घर भैयाजीला जाईल आणि उत्तरेला पोटापुरते अन्नवस्त्र मिळेल, तेही भैयाजीच्या हातून. माझे स्नेही वामनराव वकील यांनी हे मला दोनदा समजावून सांगितले. पहिल्यांदा माझे लक्ष त्यांच्या भिंतीवरच्या मोटारीच्या टायरच्या जाहिरातीकडे होते.

कलम दुसरे. घर.

महालातील माझे दोन मजली, कवेलूच्या छपराचे घर, मागील आड व सोनचाफ्याच्या झाडासह, मी नोकरीच्या कमाईतून घेतले. वडिलार्जित पैशाची एक वीट त्यात नाही. हे घर मी उत्तरा मुकुंद पांढरीपांडे हिला कायमच्या मालकी हक्काने देतो. हयातीपुरते नव्हे. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, ज्याला वाटेल त्याला द्यावे. तिने चाफा तोडला तरी कोणी बोलू नये. त्याची फुले अलीकडे कमी येतात आणि पाने फार.

कलम तिसरे. भैयाजीचे म्हणणे.

भैयाजीचे म्हणणे असे, की काकांचे डोके फिरले आहे आणि त्यांनी काही लिहून दिले तर ते धरायचे नाही. हे तो आडून बोलत नाही. पितृपक्षात एका श्राद्धाच्या पंगतीत तो चार माणसांत बोलला आणि उत्तरा वाढत असताना बोलला. मग तिला हळू आवाजात म्हणाला की वहिनी, माहेरी एखादी खोली रिकामी आहे का ते पाहून ठेवा. उत्तरा पुढच्या पानावर वरण वाढायला गेली. घरी येऊन तिने मला सांगितले ते दोन दिवसांनी, आणि तेही मी विचारले म्हणून.

भैयाजीने पाहिले काय, ते त्याच्यापेक्षा मीच खरे लिहितो. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मुले आपापले लाकडी बैल सजवून दारोदार बोजाऱ्याचे पैसे मागायला निघाली होती. भैयाजी आपल्या मुलांना घेऊन आला. मी बैठकीत नव्हतो. मागच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून, गाल फरशीला टेकून, लाकडी मोटारींची शर्यत लावीत होतो. शर्यतीच्या मोटारी. इंग्रजी मासिकांत येतात त्या, एका माणसापुरत्या, लांब नाकाच्या, टपाशिवायच्या. तशा मजजवळ बावीस आहेत. आणि तोंडाने मी म्हणत होतो,

निघाली निळी, मागुती लाल आली,
पुढे पांढरी वेग घेऊन गेली.

भुजंगप्रयात. शाळेत गुरुजींनी छडी आपटून आपटून शिकविलेले वृत्त. त्याची चाल अशी की म्हणता म्हणता हात आपोआप पुढे सरकतो. कविता मला कधी करता आल्या नाहीत, पण हे दोन चरण बिनचूक आहेत, कोणीही लघुगुरू मोजून पाहावे.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?" दारातून भैयाजीचा आवाज आला.

मी म्हणालो, "झाडून घेतो आहे."

"झाडताना गाणं म्हणता?"

मागे त्याची मुले उभी होती. त्यांना मोटारी दिसल्या होत्या आणि ती आत यायला धडपडत होती. भैयाजीने त्यांना दंडाला धरून मागे ओढले, जणू खोलीत साप आहे. तेवढ्याने मला जी लाज वाटली ती अजून गेली नाही. मी उठण्याचाही प्रयत्न केला नाही. गुडघा धरला होता.

कलम चौथे. नातू.

हे कलम वामनरावांनी नको म्हटले होते. पण भैयाजीचे वकील सदर भागातल्या बाजारात चौकशी करतील तेव्हा ते बाहेर येईलच, म्हणून मीच लिहितो.

मोटारीचा नाद मला पन्नाशीनंतर लागला. खऱ्या मोटारीचा नव्हे. खऱ्या मोटारीत मी एकदाच बसलो, उत्तरेला पाहायला भिवापूरला गेलो तेव्हा, लॉरीत, मिरचीच्या पोत्यांवर. शिंकत शिंकत उतरलो व शिंकतच मुलगी पसंत केली. मला आवडत त्या चित्रातल्या. वाचनालयात मासिक येई. त्यात चिखलातून धावणारी गाडी, तिच्या चालकाचे तोंड वाऱ्याने मागे ओढलेले. मी ते पान समोर ठेवून वृत्तपत्र वाचल्याचे सोंग करीत असे.

मग सदरला एका दुकानात टिनाच्या व शिशाच्या छोट्या शर्यतीच्या मोटारी दिसल्या. पांढऱ्या मिशांच्या माणसाने त्या मागायच्या कशा? मी म्हणालो, "नातवासाठी पाहिजे." तेव्हा मुकुंदचे नुकते लग्न झाले होते. दुकानदार भला माणूस. पुढच्या खेपेला त्याने विचारले, नातू केवढा झाला? मी सांगितले, आता उभा राहतो. त्याच्या पुढच्या खेपेला नातू चालू लागला. नंतर बोलू लागला. दरवर्षी मी त्याला थोडा मोठा करीत गेलो. त्याला सर्दी झाली, मग दुधाचे दात पडू लागले. दुकानदाराने त्याच्यासाठी एकदा गोळ्यांची पुडी फुकट दिली. ती मी घरी येईपर्यंत वाटेत खाल्ली.

मुकुंदला हे सगळे ठाऊक होते. तो पोट धरून हसे. "बाबा, माझ्या मुलाला निदान नाव तरी ठेवा," म्हणे.

मुकुंद गेल्यावर काही दिवसांनी मी सदरला गेलो. दुकानदाराने बोडके डोके पाहिले आणि विचारले, कोण? मी मांडणीवरच्या मोटारींकडे पाहिले. त्याला वाटले नातू गेला. तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि माझा हात धरून उभा राहिला. त्या दुकानाची पायरी मी परत चढलो नाही.

त्या विकतच्या मोटारी मी भैयाजीच्या मुलांना दिल्या, बाजारात स्वस्त मिळाल्या म्हणून. त्यांतली एक अजून त्याच्या धाकट्याजवळ आहे.

कलम पाचवे. प्रमाण.

वामनराव म्हणाले की खेळणी जमविणे हा काही वेडेपणाचा पुरावा होत नाही. पण त्या जमविण्यात विचार, हिशेब आणि पद्धत होती असे दाखविता आले तर तोच शहाणपणाचा पुरावा होईल. म्हणून हे कलम. कोर्टाने ते नीट वाचावे.

विकतच्या मोटारी माझ्याजवळ फळीवर उभ्या होत्या तेव्हाच मला एक गोष्ट खुपत असे. एकीचे चाक दुसरीच्या चालकाच्या डोक्यापेक्षा मोठे. एक बोटाएवढी, तिच्याशेजारी एक वीतभर. ज्या दुकानदाराने ज्या देशाहून मागविली त्या देशाच्या कारखान्याची मर्जी. एकेकटी पाहिली तर प्रत्येक सुंदर, पण ओळीत लावली की पहिल्या चरणात शार्दूलविक्रीडित आणि दुसऱ्यात ओवी, असे कानाला व्हावे तसे डोळ्याला होई. वृत्त एकदा धरले म्हणजे शेवटपर्यंत तेच धरावे लागते. त्यामुळे, दुकान सुटल्यावर, मी ठरविले की आता मोटारी करवून घ्यायच्या आणि सगळ्या एका प्रमाणाच्या. प्रश्न एवढाच राहिला की कोणत्या?

बोटाएवढ्या कराव्या तर माझ्या डोळ्यांना चालक दिसणार नाही, आणि चालकाशिवाय धावणारी मोटार म्हणजे सुटलेले जनावर. मी पुष्कळ दिवस विचार केला आणि शेवटी जी चूक केली ती नागपूरबाहेरच्या माणसाने केली नसती. माझ्या लहानपणीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माझ्याजवळ होता, वीतभर उंच. मला वाटले, आपल्या मनात मोटार ज्या जगात धावते तेथे हाच बैल रस्त्याच्या कडेला उभा आहे. तेव्हा खऱ्या बैलाशेजारी खरी मोटार जेवढी दिसेल तेवढी या बैलाशेजारी ही दिसली पाहिजे. वशिंडापर्यंत खरा बैल साडेचार फूट धरला. म्हणजे सहास एक. नकाशे काढण्यात जन्म गेलेल्या माणसाने हिशेब बरोबर केला आणि उत्तर किती मोठे येते ते पाहिले नाही.

नत्थूजी सुतार इतवारीत राहतात आणि पोळ्याचे बैल करतात. त्यांच्याकडे मी चित्र व मापे दिली. त्यांनी ती मोटार महिनाभरात केली. सव्वादोन फुटांहून लांब, पोटात पोकळ, खाली चार चाके. रंग ओला होता म्हणून त्यांनी तिच्यावर जुने लुगडे टाकले, डोक्यावर घेतली आणि संध्याकाळी, आळीतल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या त्या वेळी, आमच्या दारात आणून उतरविली.

सगळ्या आळीने पाहिले. विधवा सुनेच्या घरी पाळणा आला.

मला हे कळले नाही. मी आत कंदिलाची वात वर करीत होतो. समोरच्या यमुताई ओटा उतरून आल्या आणि त्यांनी उत्तरेला विचारले, "हा कोणासाठी वं?"

उत्तरा दारात उभी होती. म्हणाली, "मामंजींसाठी."

एवढे बोलून तिने सगळ्यांदेखत लुगडे काढले. यमुताई काही वेळ त्या हिरव्या मोटारीकडे बघत राहिल्या. मग आपल्या ओट्यावर परत गेल्या. पण कुजबुज एकदा निघाली ती निघालीच. लुगड्याखालून मोटार निघाली हे आळीच्या या टोकाला कळले, त्या टोकाला पाळणाच राहिला. उत्तरेच्या भावाचे भिवापूरहून विचारणारे पत्र आले. ते तिने मला दाखविले नाही, चुलीत घातले. मी एक प्रमाण चुकलो आणि त्याचे ओझे तिच्या डोक्यावर बसले. त्या मोटारीचे मी नत्थूजींकडून दोन पाट करवून घेतले. आजही त्यांवर आम्ही जेवायला बसतो, आणि एका पाटाच्या खालच्या बाजूला हिरवा रंग आहे.

दुसऱ्या खेपेस मी बैलाचा विचार सोडला आणि माणसाच्या हाताचा केला. मोटार एका हाताने उचलता आली पाहिजे, चालक ओळखता आला पाहिजे, लुगड्याशिवाय घरी आणता आली पाहिजे. या तिन्ही गोष्टी सोळास एक या प्रमाणात बसतात. शिवाय आमच्याकडे कोणालाही ते न शिकविता कळते. खरी मोटार हा रुपया, माझी मोटार हा आणा. खरा एक फूट म्हणजे माझा पाऊण इंच.

नत्थूजींना मी असेच सांगितले. त्यांनी डोके हलविले आणि विचारले, "मंग चाकही आण्याचंच?"

मी म्हणालो, चाकही.

"आन् डायवर?"

तोही.

"मंग त्याच्या टोपीले तर पैचंही लाकूड लागत नाही जी. मजुरी काहून एवढी देऊन राहिले?"

पण मजुरी त्यांनी घेतली. पहिल्या गाडीला त्यांनी चाके मोठीच बसविली, छकड्याला शोभतील अशी, आणि मी परत केली तर रागावून आठ दिवस बोलले नाहीत. पुढे आमचे जमले. आम्ही दोघे चार वर्षांत बावीस मोटारी केल्या. लाल इटलीच्या, निळ्या फ्रान्सच्या, हिरव्या इंग्लंडच्या, पांढऱ्या जर्मनीच्या. जर्मनांनी हल्ली आपल्या गाड्यांचा रंग काढून चांदीसारख्या केल्या असे वाचले. मी बदलल्या नाहीत. मी जेव्हा पाहिल्या तेव्हा त्या पांढऱ्या होत्या.

ज्या मोटारींची मापे मासिकात नव्हती त्यांची मी चाकावरून काढली. ती पद्धत कोर्टाला हवी असल्यास कोणीही जुना मोजणीदार समजावून सांगेल. कोणतीही मोटार फूटपट्टीने मोजून पाहावी.

कलम सहावे. किरकोळ.

पोस्टातील शिल्लक सर्व भैयाजीला. त्याला घर पाहिजे होते हे मला ठाऊक आहे, आणि चार मुले दोन खोल्यांत घेऊन राहणे सोपे नाही हेही. तो लबाड नाही. तो घाईत आहे.

माझी नकाशाची पितळी हत्यारे व लांब पट्टी नत्थूजींना द्यावयाची होती. वामनराव म्हणाले की ज्या साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळते त्याच्या शब्दाचे वजन उलटतपासणीत कमी होते. नत्थूजींना मी दोन्ही गोष्टी सांगून काय हवे ते विचारले. ते म्हणाले, हत्यारं माझ्याजवळ हायेत, सही करतो. म्हणून हत्यारे उत्तरेकडेच राहतील.

माझी कवितेची शाळकरी पुस्तके, कानेकोपरे गेलेली, शेजारच्या शाळेने घेतल्यास द्यावी. समासात पेन्सिलीने जे लिहिले आहे ते मी नवव्या वर्षी लिहिले आहे. ते पुसू नये.

वाचनालयाच्या चिटणिसांनी माझ्यावर मासिकातील चित्रे कापल्याचा आरोप चार लोकांत केला होता. मी एकही चित्र कापले नाही. मी पातळ कागद ठेवून गिरवीत असे. पान कापणारा दुसराच होता व तो मला ठाऊक आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही, पण मला ठाऊक आहे एवढे त्यांना कळवावे. वाचनालयाला मी काहीही देत नाही.

कलम सातवे. हे कलम पूर्वी वेगळे होते.

कच्च्या मसुद्यात या जागी असे होते की एकुलता मुलगा गेल्याच्या दुःखातून मन रमविण्यासाठी मी हा छंद लावून घेतला. ही युक्ती वामनरावांची. ते म्हणाले, "पंत, मुलाच्या दुःखात म्हातारा खेळण्यांशी बसला, एवढं लिहा. कोणताही जज्ज त्याला वेडा म्हणणार नाही. उलट त्याला आपला बाप आठवेल."

मी ते लिहिले. अक्षर चांगले आले होते. वाचून माझेच डोळे भरले, आणि मला वाटू लागले की असेच असेल. माणूस आपले लिहिलेले किती लवकर खरे मानतो.

काल दुपारी मी मसुदा उत्तरेला वाचून दाखविला. घर तिला जाणार, तिने ऐकलेच पाहिजे. ती तांदूळ निवडीत होती. घराच्या कलमाला तिने मान वर केली नाही. पाळण्याच्या कलमाला किंचित हसली. या कलमाला तिचा हात थांबला.

"मामंजी, हे असं नव्हतं."

मी म्हणालो की तुझ्यासाठीच लिहिले आहे. याने घर वाचेल.

"माझ्यासाठी असेल तर काढून टाका. ते जिवंत असतानाच गाड्या होत्या. तापातसुद्धा विचारायचे, बाबांनी आज कोणती आणली. हसायचे. आता त्यांच्या नावावर हे रडणं कशाला चिकटवता?"

"मग काय लिहू?"

"आवडतात म्हणून लिहा."

मी म्हणालो, लाज वाटते.

"वाटू द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी दारात मला वाटली नव्हती काय? उभी राहिले की नाही मी?"

आणि ती परत तांदूळ निवडू लागली. तिला माहीत होते की तो मजकूर काढला तर कागद कच्चा होईल आणि तिचे घर त्या कच्च्या कागदावर आहे. मी मसुद्यातले ते पान वेगळे काढले. मुकुंद गेला तेव्हा मी रडलो होतो, पण त्या दुःखाचा आणि मोटारींचा काही संबंध नव्हता. त्या वर्षभरात मी एकही मोटार आणली नाही. मेलेल्या मुलाला मी माझ्या लाजेपुढे पडद्यासारखे धरले, आणि ते त्याच्या बायकोला दिसले.

तो मजकूर मी रद्द केला आहे. त्याच्या जागी हे लिहितो. मी, दत्तोपंत गोविंद पांढरीपांडे, शर्यतीच्या मोटारी मला आवडतात म्हणून जमविल्या. दुसरे कारण नाही.

कलम आठवे. मोटारी.

बावीसही मोटारी उत्तरेला. तिने त्या ठेवाव्या, वाटाव्या, भैयाजीच्या मुलांना द्याव्या. अट नाही. एक विनंती आहे, की यांच्या ओळीत दुसऱ्या प्रमाणाची गाडी कोणी उभी करू नये. पण मी नसताना कोणी केली तर मी काय करणार.

वामनरावांचा सल्ला असा होता की सही होण्याआधी मोटारी घराबाहेर न्याव्या, नत्थूजींच्या माळ्यावर ठेवाव्या, म्हणजे दाखवायला काही उरणार नाही. परवापर्यंत मी त्याला कबूल होतो. पोतेही आणून ठेवले होते. काल संध्याकाळी उत्तरेने आणि मी त्या मागच्या खोलीतून आणून बैठकीतील मोठ्या फळीवर, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतील अशा लावल्या. यमुताई समोरून बघत होत्या. मी दार लोटले नाही. लोटावेसे फार वाटले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वामनरावांनी करावी.

सहीपूर्वी घडलेली हकीकत, वामनरावांच्या सांगण्यावरून जोडली आहे.

आज सकाळी सहीसाठी वामनराव व नत्थूजी आले. भैयाजीलाही मी निरोप धाडला होता. माझ्यामागे जे बोलायचे ते त्याने माझ्यासमोर बोलावे, असा विचार होता, पण तो दारात दिसला तेव्हा मी कागद पाठीमागे धरला. फळीवरच्या मोटारी पाहून त्याने जोडे काढताना मान हलविली. मी त्याला घराचे कलम वाचून दाखविले. त्याने ते उभ्यानेच ऐकले. चेहरा उतरला. मग तो फळीपाशी गेला, जणू तेथून काहीतरी शब्द मिळतील.

"काका, कारागिराने फसवलं तुम्हाले," तो म्हणाला. "ही लाल पहा केवढीशी, आन् ही पांढरी केवढी."

नत्थूजी म्हणाले, "फसवलं नाही जी भैयाजी. मापच तसं हाय."

मी सांगितले की दोन्ही एकाच प्रमाणाच्या आहेत. खऱ्याच्या रुपयाला एक आणा. खरी लालच लहान असते.

भैयाजीने हाताची वीत लालवर ठेवली, मग पांढरीवर. ओठांत काही मोजले. दलालीत जन्म गेला, हिशेब त्याला सोडवत नाही. मग म्हणाला,

"लहान आहे तर मग हिला पुढे काहून लावलं? एवढी मोठी पांढरी हिच्या मागे राहते?"

मी म्हणालो, सरळ रस्त्यावर नाही राहत. पण वळण आले की पांढरीला आपले वजन आवरावे लागते, तोवर लाल निघून जाते. घाटाची शर्यत असेल तर मी लाल पुढे लावतो. मैदानाची असेल तर पांढरी. मी बराच वेळ सांगत होतो. हातही फिरवीत होतो. मध्येच माझ्या लक्षात आले की सगळे माझ्या हाताकडे पाहत आहेत, आणि मला परत तीच लाज वाटली. मी थांबलो. भैयाजी म्हणाला, "आणि पाऊस पडला तर?"

पाऊस पडला तर कोणाचेच सांगता येत नाही, असे मी सांगितले.

त्याने लाल मोटार उचलून पाहिली होती, ती होती त्याच जागी परत ठेवली. वामनराव वकील असल्यामुळे लगेच म्हणाले की भैयाजी, तुम्हीही साक्षीदार म्हणून सही करा, सगळेच मिटेल. भैयाजी म्हणाला, "नाही करणार. घर मले पाहिजे होतं." उत्तरेने चहा आणला. तो त्याने घेतला, पूर्ण प्यायला, आणि काका येतो, म्हणून गेला. पुढे तो कोर्टात जाईल की नाही हे मला सांगता येत नाही. जाऊ शकेल. पण त्याने विचारलेले दोन्ही प्रश्न मी येथे त्याच्या शब्दांत लिहून ठेवीत आहे. कोर्टाने ते त्याला परत विचारावे, आणि हेही विचारावे की वेड्या माणसाचे सांगणे संपेपर्यंत तो फळीपाशी का उभा राहिला.

हा कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला आहे. लाज वाटली, तरी एकही ओळ गाळली नाही. खाली सही करीत आहे.

मुक्काम महाल, नागपूर, मध्यप्रांत व वऱ्हाड.
रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९३५. कार्तिक वद्य, शके १८५७.

दत्तोपंत गोविंद पांढरीपांडे
(सही स्वदस्तुरची)

साक्षीदार १. वामनराव बळवंत मुंडले, वकील, राहणार रामदासपेठ. लिहून देणाऱ्याने आमच्या समक्ष सही केली, आम्ही त्याच्या समक्ष केली.

साक्षीदार २. नत्थूजी कवडू सुतार, राहणार इतवारी. यांना लिहिता येत नाही, डाव्या अंगठ्याची निशाणी. त्यांनी सांगितले ते वामनरावांनी त्यांच्या शब्दांत लिहिले ते असे: "पंत चार वर्सांपासून मले माप देऊन राहिले. एकदा चुकलं, तं त्यायनच सांगतलं का माझं चुकलं. मी अंगठा देतो."